सोमनाथाची यात्रा आणि गोमंतकातील ‘मिजिगिति’

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर आमच्या गंगापूर रोडवरील सोमेश्वराच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. गोदातीरीच्या या सोमेश्वराला बेलपत्र वाहताना प्रभासक्षेत्रीच्या सोमनाथाचे स्मरण होणे स्वाभाविकच होय. त्या सोमनाथाच्या यात्रेशी गोमंतकातील एका प्राचीन मशिदीचा इतिहास निगडित आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

गोव्याचे कदंब राजे परम शिवभक्त. श्रीसप्तकोटीश्वर हे त्यांचे आराध्यदैवत. या कुळातील गुहल्लदेव राजा समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता वाटेत गलबताची डोलकाठी मोडली. त्यास जुवारीकाठच्या गोपकपट्टण बंदराचा आश्रय घ्यावा लागला. गोपकपट्टण म्हणजे आजचे गोवा वेल्हा. तेथे एका धनाढ्य ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याने संकटात सापडलेल्या राजास साहाय्य केले.

पुढे १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने सोमनाथाचे मंदिर लुटले. ती जखम शिवभक्तांच्या मनात ताजीच असणार. तरीही त्याच शतकाच्या मध्यास कदंब राजा जयकेशी याच्या ताम्रपटात आपणांस निराळेच दृश्य दिसते. त्या उपकारकर्त्या व्यापाऱ्याचा छडम नावाचा वंशज राज्यात मोठ्या अधिकारपदावर आहे. त्याने उभारलेल्या मशिदीचा उल्लेख संस्कृत ताम्रपटात ‘मिजिगिति’ असा येतो. तिच्या योगक्षेमासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर घेण्यास राजाची मान्यता आहे. महमुदाच्या अपराधाचा भार जयकेशीने या घराण्याच्या माथी मारला नाही. पूर्वजावर झालेला उपकार तो विसरला नाही.

काळाच्या ओघात गोपकपट्टणचे वैभव लयास गेले. ती मशीद आता ताम्रपटाच्या अक्षरांतच उरली आहे. कदंबांच्या आराध्यदैवतासही परचक्र चुकले नाही. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वराचे मंदिर पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाले. पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्वे येथे त्याचा जीर्णोद्धार केला. तेथे आजही पूजाअर्चा चालू आहे.

देवदर्शनास निघालेल्यास वाटेत ज्याने हात दिला, त्याचे ऋण पिढ्यान्‌पिढ्या स्मरणे हेही शिवपूजनच, असे आम्ही मानतो. आज पिंडीवर जलधारा धरताना भाविकांनी त्या कृतज्ञ शिवभक्त राजाचेही स्मरण करावे.