सावलीतल्या घराची निगा

कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने चुना, कौले आणि शेवाळ यांवर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. पण गवंडी, सुतार, रंगारी आणि घरे शाकारणारे मजूर हेच आमचे सभासद. त्यांच्याबरोबर पायाडावर बसून, त्यांचे बोलणे ऐकून आणि मग मिळतील ती पुस्तके चाळून आम्ही जे शिकलो तेच येथे मांडणार आहोत. शिवाय शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ घर कोकणात आहे. ते घर वर्षातून दोन वेळा उघडते, आणि प्रत्येक वेळी भिंतीवरचा काळा डाग मागच्या वेळेपेक्षा हातभर वर चढलेला दिसतो. तो का चढतो, हे समजून घेतल्यावाचून त्यावर केलेला खर्च पाण्यात जातो. आणि या ठिकाणी तो अक्षरशः पाण्यात जातो.

सह्याद्रीच्या पश्चिमेस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीसारख्या घाटमाथ्याच्या गावी त्याच्या दुप्पटीहून अधिक. एवढा पाऊस पाहून सामान्यतः समज होतो की, घर पावसाने खराब होते. आमचे मत निराळे आहे. घर भिजल्याने खराब होत नाही, ते न सुकल्याने खराब होते. उघड्या माळावरचे जांभ्या दगडाचे देऊळ शेकडो पावसाळे खाऊन उभे असते, कारण दसरा-दिवाळीपर्यंत ऊन आणि वारा त्याला खडखडीत कोरडे करतात. त्याच गावात फणसाच्या आणि सुपारीच्या गर्द सावलीत उभे असलेले घर होळीपर्यंत ओले राहते. ओल जितके दिवस राहील तितके दिवस शेवाळ, बुरशी आणि वाळवी यांचा मुक्काम. तेव्हा निगा राखायची म्हणजे पाणी अडवायचे एवढेच काम नव्हे. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवायची, हे त्याहून मोठे काम.

प्रथम दगडाचा विचार करू. कोकणातील जांभा हा मोठा चमत्कारिक दगड आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात तो पाहिला आणि 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. परंतु कठीण झाला तरी त्याच्या अंगची छिद्रे बुजत नाहीत. चिरा पाणी पितो आणि वाळताना ते सोडून देतो. जुन्या गवंड्यांनी हा स्वभाव ओळखला होता. चिरे मातीत किंवा चुन्यात बसवायचे, वर चुन्याचा गिलावा, आणि त्यावर दर वर्षी चुन्याचा हात, अशी त्यांची रीत. चुनखडी किंवा शिंपल्या भाजून कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरविला, मुरविला आणि भिंतीला लावला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पुन्हा चुनखडी बनते. ही चुनखडीची साल सच्छिद्र असते. भिंतीतील वाफ तिच्यातून निघून जाते. ताज्या चुन्याची दाहकता अशी की काही महिने तरी शेवाळ त्यावर पाय रोवीत नाही.

सिमेंट आले आणि या व्यवस्थेची घडी मोडली. सिमेंट वाईट असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या कामावर आमचे हजारो सभासद पोट भरतात. पुलाला, टाकीला, स्लॅबला ते हवेच. परंतु मातीत बांधलेल्या जांभ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविणे म्हणजे घाम आलेल्या माणसाला रबराचा अंगरखा घालणे होय. गिलाव्याला केसासारखी चीर पडते, तीतून पाणी आत जाते. जमिनीतूनही ओल वर चढते. ती बाहेर पडू पाहते तर वाट बंद. मग ती आतल्या बाजूने खोलीत उतरते, दगडातील व मातीतील क्षार वर आणून ठेवते, आणि भिंतीला लोणा लागतो. लोणा लागला की घरमालक म्हणतो, गवंड्याने माल खाल्ला. कधी कधी ते खरेही असते. पण आम्ही पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी माल चोख होता. चुकीच्या अंगावर चुकीचे कापड घातले होते इतकेच.

रंगाची गोष्टही अशीच. कोकणात घर रंगविण्याचा मुहूर्त म्हणजे गणपती. चाकरमानी येणार, पाव्हणेरावळे येणार, म्हणून श्रावणात रंगाचे डबे येतात. भावनेच्या दृष्टीने हा मुहूर्त जितका योग्य, तितकाच भिंतीच्या दृष्टीने अयोग्य. श्रावणात भिंत पाण्याने तुडुंब असते. तिच्यावर तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग फासला की ओल कोंडली जाते आणि शिमग्याला मुले भिंतीचे पापुद्रे सोलीत बसतात. ज्यांना गणपतीला भिंत उजळ हवी त्यांनी खुशाल चुना लावावा. चुन्याला ओलसर भिंत चालते, किंबहुना तीच लागते. कोरड्या तापलेल्या भिंतीवर तो पकड घेत नाही, भुकटी होऊन हाताला लागतो. मात्र हात पातळ हवेत. एक जाड हात देण्यापेक्षा दुधासारखे तीन पातळ हात द्यावेत. काही रंगारी चुन्यात मीठ घालतात. कोरड्या मुलुखात ते चालेल, पण मीठ हवेतील ओल ओढून घेते, म्हणून कोकणात ते टाळावे. तैलरंगच हवा असेल तर त्याला माघ-फाल्गुनापर्यंत थांबवावे.

आता शेवाळ. भिंतीवरचा हिरवा थर सर्वांच्या ओळखीचा आहे. काळे ओघळ दिसतात ते पुष्कळदा धुराचे किंवा धुळीचे नसून तेही एका प्रकारचे सूक्ष्म सजीवच असतात. आणि कोठे कोठे भिंत गेरूने रंगविल्यासारखी तांबूस दिसते, तेही शेवाळच, फक्त नारिंगी रंगद्रव्य अंगावर बाळगणारे. हे सारे खरवडून काढायला हल्ली पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे यंत्र भाड्याने मिळते. जांभ्यावर आणि जुन्या कौलांवर ते चालवू नये. शेवाळाबरोबर दगडाची कठीण साल निघते, सांध्यांतील चुना वाहून जातो, आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट जोमाने धरते. काथ्याचा किंवा नारळाच्या सोडणाचा ब्रश, पाणी आणि मनगट एवढे पुरते. घासल्यानंतर भिंत सुकू द्यावी आणि चुन्यात थोडा मोरचूद घालून हात द्यावा. ही युक्ती बागायतदारांना नवी नाही. सुपारीच्या कोळेरोगावर ते जे बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातही मोरचूद आणि चुना हीच जोडी असते. फ्रान्समध्ये 1880 च्या दशकात द्राक्षाच्या रोगावर ती प्रथम वापरात आली. मोरचूद विषारी असतो. तो विहिरीजवळ, हौदाजवळ सांडू देऊ नये आणि कालविणाऱ्याच्या हातात मोजे असावेत.

पिंपळाचे आणि वडाचे रोप भेगेत दिसले तर ते चार पानांचे असतानाच मुळासकट काढावे. पिंपळ उपटण्याविषयी ज्यांच्या मनात संकोच असतो त्यांनी तो काढून माळावर लावावा.

सावलीकडे वळू. घराभोवतीची झाडे तोडा असे सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या पक्षाचे नाही. नैर्ऋत्येकडून येणारी झड माड-आंब्यांच्या फळीवर फुटते म्हणून पश्चिमेची भिंत टिकते. प्रश्न असतो तो उत्तरेच्या भिंतीचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत कोकणात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो; म्हणजे या भिंतीवर ऊन यायचे दिवस नेमके ढगांचे असतात. आकाश मोकळे होते तोवर सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, आणि 23 सप्टेंबरनंतर पुढचे सहा महिने उत्तरेच्या भिंतीला उन्हाचा कवडसाही मिळत नाही. तिला सुकविणार फक्त वारा. म्हणून छाटणी करायची ती या बाजूने. झाड राखावे, पण छपरावर आलेल्या फांद्या आणि भिंतीला घासणारी खालची डहाळी काढून वाऱ्याला वाट द्यावी. याच भिंतीला टेकून लाकडे, जुनी कौले आणि नारळाच्या सोडणांचे ढीग रचलेले आम्ही घरोघर पाहतो. ते हातभर दूर सरकविले तरी अर्धे काम होते, आणि त्याला पैसा पडत नाही.

भिंतीचा खालचा हातभर भाग सर्वांत आधी कुजतो, याचे कारण पागोळी. छपराच्या कडेवरून पडणारी धार जमिनीवर आपटते आणि चिखलाचे शिंतोडे जोत्यावर उडतात. वळचण जितकी पुढे काढलेली तितके शिंतोडे दूर. जुन्या घरांची पडवी आणि तिच्या उघड्या अंगाला आगोटीपूर्वी बांधलेले झावळ्यांचे झाप यांचा उपयोग हाच होता. पागोळीच्या रेषेत खडी किंवा गोटे पसरावेत, म्हणजे धार त्यांत जिरून जाते. तेथून पाणी उतारावर नेणारा चर असावा. याउलट आजकाल अंगण भिंतीपर्यंत सिमेंटने बांधून काढण्याची हौस आहे. चिखल जातो हे खरे. पण अंगणाखालच्या जमिनीची ओल वर यायला दुसरी वाट न राहिल्यामुळे ती भिंतीत चढते. भिंतीलगत वीतभर पट्टा मोकळा ठेवला तर हे टळते.

छप्पर हा मात्र नुसत्या शास्त्राचा विषय नाही. बासेल मिशनने 1860 च्या दशकात मंगळुरास कौलांचे कारखाने काढले आणि पश्चिम किनाऱ्यावर नळीच्या कौलांची जागा हळूहळू या खाचेच्या कौलांनी घेतली. हे कौल उत्तम आहे, पण त्याला दर वर्षी माणूस लागतो. खाचेत पातेरा साचला की पाणी मागे फिरते आणि रिपेवर उतरते. शेवाळ वाढले की दोन कौलांमधली फट पाणी वर ओढून घेते. पूर्वी खालून चुलीचा धूर जाई, त्याने वासे कोरडे राहत आणि किडा लागत नसे. गॅस आला, बायकांच्या डोळ्यांतले पाणी थांबले हे चांगलेच झाले. परंतु वाशांची काळजी आता वेगळी घ्यावी लागते. काजूच्या टरफलांचे तेल त्यावर चांगले चालते. ते कातडीला भाजते, म्हणून लावणाऱ्याने अंग झाकून घ्यावे.

त्यात वानरे. एक टोळी घरावरून गेली की दहापाच कौले फुटतात. बंद घरात पहिले फुटलेले कौल कोणाला दिसत नाही. दिसतो तो दोन वर्षांनी खचलेला वासा. मुंबईच्या गिरण्यांतील पगारावर उभी राहिलेली किती घरे, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर मनिऑर्डरी आटल्यावर अशीच खचत गेली, ते आम्ही पाहिले आहे. आज लोक कंटाळून पत्रे घालतात. त्यांना दोष देता येत नाही. तरी पत्रा घालणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात: खाऱ्या हवेत त्याचे खिळे आधी गंजतात, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळासारखे वादळ आले तर कौल सुटे सुटे उडते, पत्रा अख्खा उडतो आणि ज्याच्या अंगावर जाईल त्याला कापतो. बांधणी पक्की हवी.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते. शाकारणीचे काम चैत्र-वैशाखात व्हावयास हवे. प्रत्यक्षात घरमालक जागा होतो रोहिणी नक्षत्र लागल्यावर. मग मृगापूर्वीच्या पंधरा दिवसांत सगळ्या वाडीला तोच एक माणूस हवा असतो. वळवाचा शिडकावा झालेला असतो, शेवाळी कौल साबणासारखे झालेले असते, आणि त्याला घाई केली जाते. असा एक मजूर पडून मणक्याला अधू झाला, तेव्हा आम्ही भरपाईसाठी घरमालकाकडे गेलो. गृहस्थ सज्जन होते. दवाखान्याचा पहिला खर्च त्यांनी दिला. पण पुढे काय? बांधकाम कामगारांसाठी 1996 साली झालेला कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या कामाला लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घरावर दहा लाखांच्या आतले काम काढणाऱ्याला त्याने आस्थापनेच्या व्याख्येतूनच वगळले होते. एकटा शाकारणारा त्यात कोठेच बसत नव्हता. 2020 च्या संहितेनेही घरगुती कामाला सूट देण्याची रीत सोडलेली नाही. त्या माणसाचा मुलगा आज कौलांना हात लावीत नाही. गावोगाव शाकारणारे मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी या मुलाच्या जागी आपण असतो तर काय केले असते, याचा विचार करावा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आम्ही त्यासाठी झगडतोच आहोत. तोवर घरमालकाच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. माणसाला होळीनंतर लगेच सांगून ठेवावे. चारपाच शेजाऱ्यांनी मिळून त्याला सलग महिनाभर काम द्यावे, म्हणजे घाई राहत नाही आणि त्यालाही पोटापुरता रोजगार एका ठिकाणी मिळतो. त्याचा अपघाती विमा घरमालकांनी वर्गणी करून उतरवावा. आढ्यावरून सोडायचा जाड दोर आणि आडव्या बसवायच्या दोन फळ्या घरात काढून ठेवाव्यात. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्यावाचून कोणालाही पाय ठेवू देऊ नये, कारण तो पत्रा बोलत नाही, एकदम फुटतो. सकाळी दहिवर सुकल्याखेरीज त्याला वर चढवू नये आणि सर आली तर उरलेल्या दिवसाचा रोज कापू नये.