परसातली केळ आणि तिचे शब्द

केळ म्हणजे झाड, केळे म्हणजे फळ आणि दोन्हींचे अनेकवचन केळी. भालकीतल्या मराठी मुलांना हा भेद शिकवताना मी त्यांना आधी परसात नेतो. फळ्यावर न उमगणारे शब्द तिथे हाताला लागतात.

'केळीचे झाड' असे आपण म्हणतो खरे, पण तिला लाकूड नसते. वर दिसणारा बुंधा म्हणजे एकात एक गुंडाळलेली सोपटे, पानांचेच तळ. खरे खोड जमिनीखालचा कंद. त्याला फुटतो तो मुनवा. घरात त्याला पिल्लू म्हणतात. कन्नड शेजारी 'मरी' म्हणतात, त्याचाही अर्थ पिल्लूच. लावण्यासाठी तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड मुनवा घ्यावा. रुंद पानांचा देखणा दिसतो, पण तो दुबळा निघतो.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल; त्यात कुजलेले शेणखत. न्हाणीचे पाणी केळीला सोडण्याची आपली रीत चांगली, मात्र साबण-सोड्याचे पाणी रोज नको. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की कंद कुजतो, म्हणून तिथे माती थोडी उंच करून लावावी.

जातीचे म्हणाल तर बसराई ठेंगणी. वाऱ्यात टिकते, साधारण वर्षभरात घड देते. आपल्या शेजारच्या कमलापूरची तांबडी केळ उंच वाढते आणि दीड वर्ष थांबायला लावते. तिला भौगोलिक मानांकन आहे. परस मोठे आणि धीर असेल तरच ती लावावी.

घड बाहेर पडतो त्याला 'निसवणे' म्हणतात. ज्वारीही निसवते, त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलाला हा शब्द सांगावा लागत नाही. पुस्तकातले 'फुलोरा येणे' मात्र समजावावे लागते. घडाला कन्नडात 'गोने', आपल्याकडे लोंगरही. त्यातला एकेक पदर म्हणजे फणी. शेवटची फणी उघडली की केळफूल कापून भाजीला घ्यावे. त्यापुढे फळ धरत नाही. वळिवाच्या वाऱ्याआधी घडाला बांबूचा टेकू हवाच.

संस्कृत 'कदली'ची मराठीत केळ झाली. कन्नडात 'बाळे'च्या जोडीला 'कदळी'ही राहिली. अक्कमहादेवी आणि गाणगापूरचे नृसिंह सरस्वती, दोघांच्याही कथा श्रीशैलच्या कर्दळीवनात संपतात. बागेतली फुलांची कर्दळ मात्र निराळी.

केळ एकदाच निसवते. घड उतरला की ती संपली. म्हणून निसवेपर्यंत येणारे मुनवे कापत राहावे आणि मग एकच राखावा. इथे घरोघरी हात आखडतो. हिरवे पिल्लू कापवत नाही, चार-पाच राहतात आणि पुढचे घड बोटभर केळ्यांचे येतात. घड उतरल्यावर जुना बुंधा लगेच बुडातून तोडू नये. टप्प्याटप्प्याने छाटावा, त्यातले पाणी आणि अन्न राखलेल्या मुनव्याला मिळते.