कानाला पापणी नसते

पत्र्याच्या छताची खोली, दाटीवाटीने बसलेली पन्नास पोरं, पंख्याची खरखर, शेजारच्या वर्गातले पाढे आणि बाहेर खिचडीच्या पातेल्यावर आपटणारा डाव. बाई फळ्यावर हातच्याची वजाबाकी समजावताहेत. या गलक्यातून बाईंचा आवाज तेवढा पुढे आणायचा नि बाकीचे मागे सारायचे, हे काम आपला मेंदू न सांगता करतो. स्वमग्न किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या अनेक मुलांच्या मेंदूतली ही गाळणी वेगळी चालते. सगळे आवाज एकदम अंगावर येतात. डोळे मिटता येतात, पण कानाला पापणी नसते. मग मूल कान झाकतं, बाकाखाली शिरतं, वर्गाबाहेर पळतं. 'एका जागी बसत नाही' असा शेरा पडतो. पुढे नाव हजेरीपटावर राहतं आणि मूल घरात.

अशा मुलांसाठी अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा माळ मला फार मोलाचा वाटतो. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. गवत, बाभळी आणि वर मोकळं आभाळ. इथे आवाज एकेक करून येतात. आधी वारा, मग चंडोल, मग लांबून मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ च्या पुस्तकात मांडलं, की मुद्दाम एकवटलेलं लक्ष स्नायूसारखं दमतं. हलणारं गवत, ढग, मुंग्यांची रांग आपसूक नजर धरून ठेवतात, तेवढ्यात दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

इलिनॉय विद्यापीठातल्या आंद्रेआ फेबर टेलर आणि फ्रान्सेस कुओ यांनी हे एडीएचडी असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या १७ मुलांवर पडताळलं. मुलांना २० मिनिटं चालवलं : एकदा बागेत, एकदा शहराच्या मध्यवस्तीत, एकदा घरांच्या वस्तीत. नंतर ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले. बागेतून आल्यावर मुलांना ते सर्वांत चांगलं जमलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सतरा मुलं म्हणजे फार नव्हेत, आणि म्हणून कुणी डॉक्टरांचं औषध बंद करू नये. पण दिशा स्पष्ट आहे.

माळावर लक्षाला विसावा मिळतो, तसं अंगालाही काम मिळतं. आता हुरड्याचे दिवस घ्या. रब्बी ज्वारीचं कणीस मोडून आणायचं, आगटीत भाजायचं, गरम असतानाच गोणपाटावर चोळायचं, सुपात पाखडायचं आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाटीत सारखं घालायचं. यात क्रम आहे, मोजणी आहे, भागाकार आहे. चोळताना तळव्यापासून खांद्यापर्यंत जोर लागतो. स्नायूंतून आणि सांध्यांतून मेंदूला कळत राहतं, की आपलं अंग कुठे आहे. पाण्याची कळशी उचलणं, आळं खणणं अशा जड कामाने काही मुलं निवतात, हा ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा अनुभव आहे. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, संशोधनातही यावर एकमत नाही.

मुलाकडे शाळा नेणं आपल्याकडे नवं नाही. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं चरत होती, मुलं शिकत होती. ती मुलं आदिवासी पाड्यांवरची, प्रश्न वेगळा. पण मुलाला दोष न देता वर्गच हलवायचा, ही त्यांची हिंमत मला आज हवी आहे.

शाळेचा हक्क मात्र सोडू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचं मात्र वेगळं नाव नाही, आणि याची झळ पालकांना बसते. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं.

माळही प्रत्येकाला मानवतो असं नाही. ज्याला सदऱ्याच्या कॉलरची शिवण टोचते, त्याला पायात रुतलेलं कुसळ असह्य होतं. एप्रिलचं ऊन तर मोठ्यांनाही सोसत नाही. म्हणून निघण्याआधी दिवसाचा क्रम चित्रांत दाखवावा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच चित्रं : चप्पल, विहीर, कणीस, आगटी, घर. एक काम झालं की मूल स्वतः ते चित्र उलटं करतं. शेवटचं चित्र घराचं आहे, हे त्याला सकाळीच ठाऊक असतं.