नायकाची खतावणी

कथा सांगून संपते न संपते तोच लहान मूल विचारते, "यातला चांगला कोण आणि वाईट कोण?" मोठी माणसे झटकन उत्तर देऊन मोकळी होतात. ज्याच्या बाजूने कथा सांगितली गेली तो चांगला, ज्याने त्याची वाट अडवली तो वाईट. या उत्तराने मुलाचे समाधान होते आणि आपलेही. परंतु नायकाच्या विजयाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्या घाईत विचारायचा राहून जातो. तो विचारला, तर कित्येक नायकांच्या नावे असे काही निघते की ज्याला आपण शूर म्हणून डोक्यावर घेतले, तोच दुसऱ्या कोणाच्या कथेतला खलपुरुष असावा, अशी शंका यावी.

हा प्रश्न अलीकडच्या चिकित्सकांनी शोधून काढला, असा पुष्कळांचा समज आहे. आपल्या आचार्यांनी तो दीड हजार वर्षांपूर्वीपासून विचारला आहे, आणि तोही थेट रामकथेच्या संदर्भात.

विजयी वीर नरकात का जातो?

विमलसूरींचे 'पउमचरिय' ही उपलब्ध जैन रामकथांतील सर्वांत प्राचीन रचना. ती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. पुढे सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी ती संस्कृतात 'पद्मपुराण' म्हणून विस्ताराने मांडली, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'च्या सातव्या पर्वात सांगितली, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास गुणकीर्तींनी ती मराठीत आणली. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी जपलेली ही कथा राजा श्रेणिकाच्या शंकेने सुरू होते. बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसे मारले असेल? कुंभकर्ण सहा महिने झोपत असेल हे खरे कसे मानावे? गौतम गणधर त्या शंकांचे निरसन करतात. प्रश्न विचारणे हा येथे अवमान मानलेला नाही. कथेचा आरंभच प्रश्नातून झाला आहे.

या कथेतील राक्षस आणि वानर हे विद्याधरवंशी मनुष्यच आहेत. रावणाला दहा तोंडे नाहीत. बालपणी त्याने हाती घेतलेल्या रत्नहारात त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. तो जिनभक्त आहे, विद्वान आहे. जी स्त्री आपल्याला इच्छित नाही तिच्यावर बळजबरी करणार नाही, असे व्रत त्याने केवली भगवंतांसमोर घेतले आहे आणि ते तो अखेरपर्यंत पाळतो. शेवटी सीतेला परत पाठवावे असेही त्याच्या मनात येते. परंतु आता परत पाठवले तर लोक भित्रा म्हणतील. आधी युद्ध जिंकू, मग सन्मानाने परत देऊ, असा विचार तो करतो. त्या एका अहंकाराने त्याचा घात होतो.

दुसऱ्या बाजूला लक्ष्मण आहे. कुंथलगिरीशी निगडित असलेल्या आख्यानात कुलभूषण आणि देशभूषण मुनींवरील उपसर्ग दूर करणारे हेच दोघे भाऊ आहेत. त्याच लक्ष्मणाच्या हातून दंडकारण्यात एक विलक्षण गोष्ट घडते. रावणाची बहीण चंद्रनखा हिचा मुलगा शंबूक बांबूच्या बेटात बसून सूर्यहास खड्गासाठी साधना करीत असतो. खड्ग प्रकट होते, ते लक्ष्मणाच्या हाती लागते. धार पाहावी म्हणून तो ते बांबूच्या बेटावर चालवतो. बांबूंबरोबर आत बसलेल्या शंबूकाचे मस्तकही तुटून पडते. मुलासाठी अन्न घेऊन आलेल्या आईला ते मस्तक दिसते. पुढचा सारा संघर्ष तेथून पेटतो.

आचार्यांना हा प्रसंग गाळता आला असता. त्यांनी तो गाळला नाही. लक्ष्मणाचा हेतू वाईट नव्हता, हे ते सांगतात. पण हातात नवे शस्त्र आले म्हणून समोर काय आहे ते न पाहता ते चालवणे हा प्रमाद आहे, आणि प्रमादातून झालेली हिंसा ही हिंसाच, हेही आपल्याला उमगू देतात.

युद्धात रावणाला राम मारीत नाही, लक्ष्मण मारतो. रावणाने फेकलेले चक्रच लक्ष्मणाच्या हाती येते आणि रावणावर उलटते. जैन पुराणांच्या रचनेत हा नियमच आहे. त्रेसष्ट शलाकापुरुषांमध्ये नऊ बलदेव, नऊ वासुदेव आणि नऊ प्रतिवासुदेव असतात. वासुदेव प्रतिवासुदेवाचा वध करतो आणि त्रिखंडाचा स्वामी होतो. सामान्य कथा येथे संपली असती. आपली पुराणे येथे थांबत नाहीत. ती पुढचा जन्मही पाहतात. विजयी वासुदेव मरणानंतर नरकात जातो. रावणही नरकात, लक्ष्मणही नरकात. शस्त्र खाली ठेवून दीक्षा घेणारे रामचंद्र मात्र मोक्षाला जातात. नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी ही त्यांची निर्वाणभूमी म्हणून आपण वंदन करतो. आणि ज्या सीतेसाठी हे सारे झाले, तिचा जीव स्वर्गातून नरकात उतरतो आणि त्या दोघांनाही वैर सोडण्याचा उपदेश करतो.

ज्याच्यामुळे दुःख भोगले त्याला आणि ज्याने त्या दुःखाचा सूड घेतला त्याला, सीता एकच उपदेश करते. नायक आणि खलनायक यांची जागा एकच ठरावी, असा शेवट जगाच्या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पिठाचा कोंबडा

दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावरून 'शकुंतला' मूर्तिजापूरकडे धावत असे, तेव्हा वाटेत कारंजा लागत असे. ती छोटी गाडी थांबली. कारंजाचे ग्रंथवैभव मात्र आहे. तेथील भट्टारकपीठांनी आणि मंदिरांनी शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली. डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या संशोधकांनी अपभ्रंश भाषेतील ग्रंथ संपादून कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. महाकवी पुष्पदंतांचे 'जसहरचरिउ' हे त्यांपैकी एक, डॉ. वैद्यांची ती आवृत्ती १९३१ सालची.

या काव्याचा नायक राजा यशोधर. त्याची राणी एका कुबड्या सेवकाच्या नादी लागलेली आहे. राजाला ते कळते आणि तो विरक्त होतो. आपली सारी सहानुभूती त्याच्याकडे जाते. फसवला गेलेला सज्जन पती, याहून उजवा नायक कोणता? पण त्याची आई अशुभ टळावे म्हणून देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजा जिवंत पशू मारण्यास नकार देतो. आईचा शब्द राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून तो बळी देतो. पुढे राणी मायलेकांना विष घालते.

एखाद्या नाटककाराने राणीला शिक्षा देऊन पडदा पाडला असता. पुष्पदंत मात्र मायलेकांच्या मागे जन्मोजन्मी जातात. मोर, कुत्रा अशा पशुयोनींत ते दोघे फिरतात, मारले जातात. कारण काय? पिठाचा कोंबडा कापताना मनात मारण्याचा संकल्प होता. राणीचा अपराध मोठा होता, यात शंका नाही. पण तिच्या अपराधाने राजाची बाकी फिटत नाही. दुसऱ्याने आपल्याशी वाईट केले म्हणून आपण आपोआप नायक ठरत नाही. कीर्दीत दुसऱ्याच्या नावे कितीही रक्कम पडली, तरी आपल्या खात्याची खतावणी वेगळीच करावी लागते.

मराठी मनाला पडलेले प्रश्न

आधुनिक मराठी लेखकांनीही हा प्रश्न आपापल्या परीने विचारला आहे. डॉ. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात त्यांनी खांडववनाच्या दहनाकडे वाचकांचे लक्ष वेधले. एरवी अर्जुनाच्या पराक्रमात मोजला जाणारा हा प्रसंग. पण तेथे पशू, पक्षी, नाग, वनवासी यांना पळून जाण्याची वाटही ठेवली गेली नाही. इरावतीबाईंनी जैन दृष्टीने लिहिले नाही, तरी जैन वाचकाला तेथे थांबावेसे वाटते. जळणाऱ्या वनातील जीवांच्या बाजूने पाहिले, तर त्या दिवशीचा नायक कोण?

दुसरे उदाहरण घरातले आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले आणि अप्पासाहेब बेलवलकर हे मराठी घरांतील उपेक्षित बापाचे दुसरे नाव झाले. मुलगा, सून, लेक हे सारे कृतघ्न, हा निष्कर्ष आपण नाट्यगृहातूनच घेऊन निघतो. लेकीच्या घरी चोरीचा आळ यावा, ही क्रूरताच आहे. तिचे समर्थन नाही. पण नाटक पुन्हा वाचले, तर सुनेचीही एक बाजू दिसते. नातीच्या तोंडी आजोबांचे ओबडधोबड शब्द येतात, तेव्हा आईला काळजी वाटणारच. अप्पांनी संपत्ती वाटून टाकली. घराच्या मध्यभागी उभे राहण्याचा हक्क मात्र सोडला नाही.

व्यापारी घरात हे फार ओळखीचे आहे. गादी मुलाकडे दिली, पण गल्ल्याची किल्ली कमरेलाच. व्यवहार मुलाने पाहायचा, पण प्रत्येक ग्राहकासमोर त्याची चूक काढायची. अशा घरात बाप स्वतःला अप्पासाहेब समजतो, मुलगा स्वतःला अन्याय सोसणारा नायक समजतो, आणि दोघांच्याही कथेत सून खलनायिका असते. तिची कथा कोणी ऐकत नाही. अपरिग्रह म्हणजे केवळ धन देणे नव्हे. मालकीचा भाव सोडणे हे त्याहून कठीण व्रत आहे.

आपल्या घराण्याची गोष्ट

आता सर्वांत अवघड जागा. आपल्यापैकी अनेक घरांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पणजोबा मारवाडातून किंवा गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन निघाले, वऱ्हाडात आले, उपाशी राहून छोटे दुकान थाटले, कापसाच्या व्यापारात उतरले आणि घराणे उभे केले. ही कथा खरी आहे आणि अभिमानाची आहे. बँक नव्हती त्या काळात पेरणीला बी-बियाणे आणि लग्नाला पैसा याच दुकानांतून मिळाला, हेही खरे आहे.

पण त्याच गावात दुसऱ्या घरी दुसरी कथा सांगितली जात असते. त्या कथेत व्याज फिटत नाही, अंगठा उठवलेला कागद वाचता येत नाही आणि शेवटी बांधापलीकडचे शेत जाते. तिच्यातला खलपुरुष कोण, ते वेगळे सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा मारवाडी व गुजराती सावकारांची घरे-दुकाने हे लक्ष्य होते. जमावाचा मुख्य रोख मात्र खतपत्रांवर होता. ते कागद जाळले गेले. त्याच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला आणि सावकाराची ती प्रतिमा पडद्यावर कायमची उमटली.

ती प्रतिमा सर्वांना सारखी लागू करणे अन्यायाचे आहे, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले, त्या यवतमाळात राहून एवढ्यावर थांबता येणार नाही. दुष्काळ, भाव, सरकारी धोरण अशी कारणे अनेक आहेत; तरी माझ्या दुकानाच्या उंबरठ्यावरून परतलेला माणूस घरी जाऊन माझी कोणती कथा सांगतो, हे विचारणे आपले काम आहे. आपल्या शास्त्राने त्यासाठी मापही दिले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे आहेत, भेसळ आहे, चोरीचा माल घेणे आहे. हे दोष आचार्यांनी दरोडेखोरासाठी सांगितले नाहीत; दुकानात बसणाऱ्या श्रावकासाठी सांगितले. स्वतःच्या कथेत नायक असलेला माणूस तराजूपाशी खलनायक होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

उलटी बाजूही जपून

आजकाल खलनायकाला नायक करून दाखवण्याची लाट आहे. रावण थोर, दुर्योधन भला, असे म्हटले की विचार केल्यासारखे वाटते. अकोला जिल्ह्यातील सांगोळा येथे रावणाच्या मूर्तीची पूजा होते. ज्याची जी श्रद्धा आहे तिचा आदर करावा. पण जैन पुराण रावणाला निर्दोष ठरवत नाही. परस्त्रीचे हरण हा त्याचा अपराध आहे आणि त्याचे फळ तो भोगतो. फक्त त्या अपराधाने त्याचा आत्मा कायमचा रद्द होत नाही. तो पुढे तीर्थंकर होईल, असेही परंपरा सांगते. अनेकांत म्हणजे सगळेच बरोबर, असे नव्हे. प्रत्येकाच्या खात्यात जमा आणि नावे दोन्ही लिहिणे, हा त्याचा अर्थ आहे. शेजाऱ्याच्या रामभक्तीला हिणवण्यासाठी आपली रामकथा वापरणे हाही अनेकांताचा भंगच.

म्हणून मुलांना कथा सांगताना तीन प्रश्न जोडावेत. नायकाच्या विजयाची किंमत कोणी दिली? कथेत कोणाला बोलूच दिले नाही? आणि चूक कळल्यावर नायकाने काय केले? पहिले दोन प्रश्न मुलाला न्याय शिकवतील. तिसरा प्रश्न त्याला धर्म शिकवील, कारण राम आणि लक्ष्मण यांच्या गतीतला फरक शेवटी त्याच प्रश्नाने ठरला.

मोठ्यांसाठी तर ही सोय दरवर्षी आहेच. पर्युषणात प्रतिक्रमणाला बसलेला श्रावक स्वतःच्या वर्षाची गोष्ट नायकाच्या तोंडून सांगत नाही. ज्यांना आपण दुखावले त्यांच्या बाजूने तो ती वाचतो. 'मिच्छामि दुक्कडं' हे शब्द नात्यागोत्यातल्या माणसांना आपण सहज म्हणतो. ते एकदा अडत्याकडच्या हमालाला, उधारी थकलेल्या शेतकऱ्याला आणि घरातल्या न बोलणाऱ्या माणसालाही म्हणावेत.