चार गोल, शिट्टी नाही

1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, ते अंतिम सामन्यात स्पेनला 4-3 असे हरवून. त्या स्पॅनिश संघाचे प्रशिक्षक होर्स्ट वाइन नावाचे जर्मन गृहस्थ होते. हॉकीत नाव कमावलेला हा माणूस पुढे फुटबॉलकडे वळला. लहान मुलांच्या फुटबॉलबद्दल त्यांनी मांडलेला विचार त्यांच्याच देशात नियम म्हणून लागू व्हायला मात्र 2024 उजाडले.

वाइन यांचे म्हणणे असे की, मोठ्यांचा खेळ आखडून मुलांच्या हाती दिला, तर मुलांना खेळायलाच मिळत नाही. सात-सात जणांच्या सामन्यात चेंडू दोन धीट पोरांच्या पायात राहतो, बाकीची घोळक्याने मागे पळतात आणि सगळ्यात हळू पळणारा गोलकीपर होतो. (आपल्या शाळेच्या मैदानावर याहून वेगळे काही घडत होते का?) त्यांच्या 'फुनिनो'त तीन विरुद्ध तीन खेळतात, गोलकीपर नसतो आणि छोटे गोल असतात चार. दोन आपण राखायचे, दोनवर चढाई करायची. गोलपासून सहा मीटरच्या आत येऊन मारला तरच गोल धरतात, म्हणजे लांबून टोलवण्याचा उपयोग नाही. खरी मेख दुसऱ्या गोलात आहे. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा राहतो, आणि तो दिसायचा तर चेंडूवरची नजर उचलावी लागते. कोच बाहेरून घसा फोडून जे शिकवतो, ते मैदानाची आखणीच करून घेते. कोचने सूचना देऊ नयेत, प्रश्न विचारावेत, हा वाइन यांचा आग्रह त्यातूनच आला.

जर्मनीतच, आखेन शहराच्या परिसरात, राल्फ क्लोर यांनी वेगळ्याच टोकाला हात घातला. मुलांच्या फुटबॉलसाठी काढलेल्या त्यांच्या फेअर प्ले लीगमध्ये रेफरी नाही, फाउल कोणाचा ते मुलेच ठरवतात. दोन्ही संघांचे कोच एकाच जागी उभे राहतात आणि पालक मैदानापासून सुमारे पंधरा मीटर लांब. मला विचाराल तर या पंधरा मीटरांनी जेवढे काम केले असेल, तेवढे कुठल्याही सराव पुस्तिकेने केले नसेल.

वाइन 2016 मध्ये वारले. मार्च 2022 मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने मुलांच्या खेळाचे नवे रूप मंजूर केले आणि 2024-25 च्या हंगामापासून ते देशभर बंधनकारक झाले. सगळ्यात लहान गटात दोनास दोन किंवा तीनास तीन, चार छोटे गोल. वयाबरोबर संघ हळूहळू मोठा होत जातो. राखीव मुले ठरलेल्या क्रमाने आत येतात, त्यामुळे कोणाला बाकावर बसवायचे हे कोचच्या मर्जीवर राहत नाही. एका दिवशी अनेक छोटी मैदाने आखतात. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक खाली. दोन-तीन फेऱ्यांत बरोबरीचे बरोबरीच्यांशी भिडू लागतात. 10-0 चा अपमान टाळण्याची याहून साधी युक्ती मी पाहिलेली नाही. अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत हंगामाचा गुणतक्ताही नाही.

गदारोळ झाला तो या तक्त्यावरून. डॉर्टमुंड क्लबचे प्रमुख आणि महासंघाचे उपाध्यक्ष हान्स-योआखिम वात्स्के यांनी 2023 मध्ये टोमणा मारला की, आता चेंडूशिवाय खेळायचे, नाहीतर हळू पोरांपासून तो निसटू नये म्हणून चौकोनी करायचा. हरायला शिकले पाहिजे, हा त्यांच्या बाजूच्यांचा मुद्दा खोटा नाही, पण तो इथे लागू पडत नाही. एकाच दिवसात अनेक छोटे सामने होतात, म्हणजे मूल पूर्वीपेक्षा जास्त वेळा हरते आणि लगेच पुढच्या सामन्याला उभे राहते. गोल किती झाले हेही त्याला पाठ असते. तक्ता हवा असतो तो मोठ्यांना.

जर्मनीला यातून विश्वविजेते मिळतील का, यावर पैज लावण्यात अर्थ नाही. आजची सात वर्षांची पोरे मोठी व्हायला दहा-बारा वर्षे जातील. आपल्याकडे लहान मुलांसाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या गोल्डन बेबी लीगही 2018 मध्ये सुरू झाल्या. कोल्हापूर, पुणे, नागपूर, कुठेही पहिली-दुसरीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्यांनी एक रविवार शिट्टी खिशात ठेवून तीनास तीन खेळवून पाहावे. चार गोल मांडायला आठ चपला पुरतात.