पोटरीतला पंप

"सिस्टर, सहा महिने झाले, ही जखम भरूनच नाही राहिली."

मावशींनी साडीचा काठ घोट्याच्या वर उचलला. आतल्या घोट्याच्या थोडं वर, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठी, ओली जखम. भोवतीची कातडी काळपट, कडक झालेली. मावशी एका मेसमध्ये पोळ्या करतात. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत ओट्याशी उभ्या, समोर भट्टी. हळद भरून झाली होती, मेडिकलमधून आणलेली तीन प्रकारची मलमं झाली होती, सुया झाल्या होत्या. शुगर असेल म्हणून तपासली, ती नव्हती. शेजारणीने तर बाहेरचं आहे म्हणून लिंबूसुद्धा उतरवलं होतं.

या सहा महिन्यांत मावशींना कोणी उभं करून पूर्ण पाय पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, जरा उभ्या राहा आणि साडी गुडघ्याच्या वर घ्या." पोटरीच्या आतल्या अंगाने करंगळीएवढ्या जाड, वळणं घेत गेलेल्या निळ्या शिरा फुगून आल्या. जखम घोट्याजवळ होती, बिघाड त्याच्या वर होता. मलम मात्र सगळं घोट्यावर चाललं होतं.

हे समजायला पाय आतून कसा आहे ते पाहावं लागतं. नर्सिंगला असताना आम्ही हाडं पाठ केली होती: मांडीचं एक, शरीरातलं सर्वांत लांब, गुडघ्याची वाटी, नडगी आणि तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, आणि घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत तब्बल 26. एका पायात 30 हाडं. परीक्षेत मार्क मिळाले, पण वॉर्डात उपयोगी पडली ती पोटरी, आणि तिच्याबद्दल आम्हाला जेमतेम अर्धा तास शिकवलं होतं.

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर, जो आपल्याला दिसतो आणि हाताला लागतो. त्याच्याखाली दुसरा, चपटा आणि रुंद. दोन्ही खाली जाऊन एका जाड दोरीत मिळतात. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती हीच. पोटरी आवळली की ही दोरी टाच वर उचलते, म्हणून आपण चालतो, चवड्यावर उभं राहून फळीवरचा डबा काढतो. हे झालं पोटरीचं उघड काम. तिचं दुसरं काम रक्त वर चढवण्याचं आहे.

पायात रक्त उतरतं धमन्यांमधून, हृदयाच्या जोरावर. जांघेत, घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलाच्या वर बोटं टेकवलीत तर तिथे ठोके लागतील. (पावलावरचा ठोका काही माणसांत मुळातच लागत नाही, घाबरू नका.) प्रश्न आहे परत वर जाण्याचा. घोट्यापासून छातीपर्यंत मीटरभराहून जास्त चढ. वस्तीत नळाला जोर नसतो तेव्हा वरच्या मजल्यावर पाणी चढवायला मोटर लागते, तसंच हे. पायातली ती मोटर म्हणजे पोटरी.

परत जाणाऱ्या शिरांचे दोन थर आहेत. काही कातडीखाली असतात. त्यातली सर्वांत लांब शीर आतल्या घोट्याच्या पुढून निघून पायाच्या आतल्या अंगाने थेट जांघेपर्यंत जाते. बाकीच्या खोल, स्नायूंच्या मध्ये असतात आणि बहुतेक रक्त त्यांच्यातूनच जातं. वरच्या शिरा ठिकठिकाणी खोल शिरांना जोडलेल्या असतात. पोटरी आवळली की खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल सोडली की ते खाली परत पडायला हवं, पण पडत नाही, कारण शिरांच्या आत झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येताना मिटतात.

इटलीत पदुआ इथे फॅब्रिशियस नावाच्या शिक्षकाने 1603 मध्ये या झडपांवर पुस्तक छापलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उलगडलं नाही. ते उलगडलं त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याला. 1628 च्या आपल्या पुस्तकात त्याने दाखवलं की रक्त शरीरात गोल फिरतं, आणि झडपांचा पुरावा त्याने साध्या बोटाने दिला. तो तुम्हीही करून पाहा. हात खाली लोंबता ठेवा, हाताच्या पाठीवर शीर फुगली की एका बोटाने ती दाबून धरा. दुसऱ्या बोटाने त्याच जागेपासून शीर मनगटाकडे पुसत न्या आणि ते बोट उचला. शीर रिकामीच राहते, वरून रक्त उतरत नाही. आता पहिलं बोट उचला, खालून लगेच भरते. मी हे महिला मंडळात करून दाखवते तेव्हा पोरंसोरं आईचा हात ओढून पुन्हा पुन्हा करून बघतात.

आता मावशींच्या पायाकडे येऊ. एका जागी स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या पावलातल्या शिरांमध्ये दाब 90 च्या आसपास असतो, ब्लडप्रेशर मोजतो त्याच मापाने. तोच माणूस चालू लागला की पोटरीचा पंप चालू होतो आणि दाब 30 च्याही खाली येतो. म्हणजे पाय थकतो तो फक्त उभं राहून नव्हे, न हलता उभं राहून. ओट्याशी पोळ्या, गेटवर वॉचमन, दुकानात काउंटरमागे, इस्त्रीच्या टेबलाशी: तास जातात, पोटरी आवळली जात नाही. भट्टीच्या उष्णतेने शिरा आणखी सैल पडतात. त्यात बाळंतपणं, वाढलेलं वजन, वय, आणि घरात आईला किंवा वडिलांना हाच त्रास असणं. हळूहळू शीर रुंदावते, झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना पोचत नाहीत आणि रक्त खाली गळू लागतं. याला व्हेरिकोज व्हेन म्हणतात.

दाब सतत चढा राहिला की पाणी शिरेबाहेर झिरपतं, संध्याकाळी घोटे सुजतात, चपलेचे वळ उमटतात. मग रक्तातल्या लाल पेशीही झिरपतात, त्यांचं लोह कातडीत साठून काळपट डाग पडतो, खाज सुटते. अशा कातडीवर साधं खरचटलं तरी जखम होते आणि ती भरत नाही. खालून दाब चालू असताना वरून मलम काय करणार?

उपाय दाबावरच करायचा. पावलापासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी, घोट्याशी घट्ट आणि वर जाताना सैल. पण ही पट्टी स्वतःच्या मनाने बांधू नका. धमन्या अरुंद झाल्या असतील तर घट्ट पट्टीने पाय काळा पडू शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आणि शुगरवाल्यांचा पाय आधी तपासूनच घ्यावा. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, असं असेल तर दोष धमनीचा असू शकतो. शिरांसाठी सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत जा, डॉप्लर सोनोग्राफीबद्दल विचारा. योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा. ऑपरेशनला लोक भितात, "शीर काढली तर पाय जाईल." जात नाही. खोल शिरा काम सांभाळतात. हृदयाच्या बायपासला डॉक्टर हीच लांब शीर पायातून काढून वापरतात आणि ती माणसं चालतात.

दोन गोष्टी मात्र थांबणाऱ्या नाहीत. एकच पाय अचानक सुजला, गरम आणि दुखरा झाला, तर खोल शिरेत गाठ झाली असू शकते. मालिश करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसरी, फुगलेली शीर फुटली तर रक्ताची पिचकारी उडते आणि घरचे माणसाला खुर्चीत बसवतात. बसवू नका. जमिनीवर झोपवा, पाय छातीपेक्षा उंच धरा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबा. मग रुग्णालयात न्या. दोन्ही पाय सुजत असतील तर किडनी, हृदय, रक्त कमी असणं अशी वेगळी कारणं असतात. गरोदर बाईचे पाय सुजून तोंडही सुजलं, डोकं दुखलं, तर बीपी लगेच मोजा.

माझ्याही डाव्या पायाला हे आहे. ज्या वॉर्डात मी पहिली नऊ वर्षं काढली तिथे सिस्टरने बसणं म्हणजे कामचुकारपणा, असा नियम होता. कागदावर नव्हता, पण होता. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यात घातलं. तिथे ते साडीच्या दुकानांतल्या बायकांच्या पायांमुळे आलं. आपल्याकडे मेसमालकाशी हे बोलायला गेले तर तो म्हणाला, "बसून पोळ्या कशा होतील?" दोन चकरांनंतर त्याने एक स्टूल दिलं, तेही भाजी निवडण्यापुरतं.

बाकी वेळ उभंच राहायचं आहे, तर पंप चालू ठेवा. टाचा उचला, खाली टेका, वीस वेळा, दर अर्ध्या तासाने. 6 डिसेंबरच्या रांगेतही हे करता येतं. मी दरवर्षी करते, मागच्या बायका आधी हसतात आणि मग त्याही करू लागतात. घरी आल्यावर पाय भिंतीला टेकवून अर्धा तास आडवं व्हा. "घरचं काम कोण करेल?" असं मावशींनी विचारलं होतं. त्यांच्या मुलाला मी समोरच बसवून हे सगळं सांगितलं. आता संध्याकाळची भांडी तो घासतो.

पट्टी सुरू केल्यावर मावशींची जखम भरायला साडेचार महिने लागले. मोजे अजून घालावे लागतात, सर्जरीची तारीख मिळाली आहे. परवा मेसवरून जाताना आत डोकावले. मावशी पोळी लाटत होत्या आणि लाटणं पुढे गेलं की टाचा वर, मागे आलं की खाली.