दुचाकीवरील मागील पेटी : निवड, बसवणी आणि सहप्रवाशाची सुरक्षितता

ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्राच्या दैनंदिन व्यवहारात दुचाकी वाहनाने फार मोठे स्थान मिळविले आहे. तालुक्याच्या गावी राहून वाडीवस्तीवरील शाळेत जाणारे शिक्षक, एकाहून अधिक गावांचा कारभार पाहणारे ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत समितीच्या सभेस निघालेल्या सदस्या या सर्वांचे वाहन बहुधा एकच असते, ते म्हणजे मोटारसायकल वा स्कूटर. त्यांच्यासोबत दप्तर असते, जेवणाचा डबा असतो, पावसाळ्यात रेनकोट असतो आणि पुष्कळदा मागील आसनावर सहकारी, पत्नी किंवा वृद्ध आईही असते.

पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेल्या चेतक स्कूटरला कुलूप लावता येईल असा अंगचाच कप्पा होता. पुढे मोटारसायकलींचा प्रसार झाला. परंतु त्यांत सामानासाठी अशी जागा जवळजवळ नसते. साहजिकच पिशवी हँडलला लटकते, पेट्रोलच्या टाकीवर विसावते किंवा चालक आणि सहप्रवासी यांच्यामध्ये दाबून धरली जाते. हँडलला लटकणारी पिशवी वळताना अडसर करते, तर मध्ये धरलेली पिशवी सहप्रवाशाचे दोन्ही हात गुंतवून ठेवते. या अडचणीवर उपाय म्हणून आसनामागे कुलूपबंद पेटी बसविण्याची प्रथा वाढत आहे. बाजारात तिला टॉप बॉक्स म्हणतात आणि बोलीभाषेत मागची डिकी. उपाय चांगला आहे. मात्र पेटीची निवड करताना तिच्या आकाराचा विचार प्रथम होतो आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही. हा क्रम उलटा करणे अगत्याचे आहे.

वजनाचा हिशेब

प्रत्येक दुचाकीची भारक्षमता निर्मात्याने ठरवून दिलेली असते व ती वाहनासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत नमूद असते. या भारात चालक, सहप्रवासी, पेटी, पेटीखालील लोखंडी पट्टी आणि पेटीतील सामान या सर्वांचा समावेश होतो. उदाहरणादाखल, एखाद्या मोटारसायकलीची भारक्षमता १३० किलो आहे असे धरू. चालकाचे वजन ७० किलो आणि सहप्रवाशाचे ५५ किलो असल्यास बेरीज १२५ किलो होते. मध्यम आकाराची रिकामी पेटी आणि तिची पट्टी मिळून चार-पाच किलो सहज भरतात. म्हणजे पेटीत एक वहीही ठेवण्यापूर्वी मर्यादा गाठली जाते.

या हिशेबावरून पेटी बसवूच नये असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मात्र लहान शक्तीच्या गाडीवर नित्य दोघे प्रवास करीत असतील, तर मोठी पेटी घेणे हिताचे नसते, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मोठी पेटी भरली जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे. याशिवाय पेटीच्या निर्मात्यानेही तिच्यात किती वजन ठेवावे याची मर्यादा दिलेली असते. हलक्या पेट्यांच्या बाबतीत ही मर्यादा अवघी तीन किलो, तर भक्कम पेट्यांच्या बाबतीत दहा किलोपर्यंत असू शकते. गाडीची मर्यादा आणि पेटीची मर्यादा यांपैकी जी आधी गाठली जाईल, ती पाळावयाची असते.

तरफेचे तत्त्व

वजन किती आहे याइतकेच ते कोठे आहे यालाही महत्त्व आहे. शालेय विज्ञानातील तरफेचे तत्त्व येथे लागू पडते. दोन चाकांच्या आसांमधील अंतर १२५ सेंटिमीटर असलेल्या गाडीवर मागील आसाच्या २५ सेंटिमीटर मागे १० किलोचा भार ठेवला, तर मागील चाकावरील भार १२ किलोंनी वाढतो आणि पुढील चाकावरील भार २ किलोंनी कमी होतो. तोच भार ५० सेंटिमीटर मागे सरकविला, तर मागील चाकावर १४ किलो वाढतात व पुढील चाकावरून ४ किलो कमी होतात.

पुढील चाक गाडीला दिशा देते. घाटाच्या चढावर, खडीवर किंवा ओल्या मुरमावर ते हलके झाले की हँडल डगमगू लागते. म्हणून पेटी शक्य तितकी पुढे आणि खाली असावी, असे शास्त्र सांगते. परंतु ती फार पुढे आणली की सहप्रवाशाची जागा आक्रसते, तो चालकाच्या पाठीवर रेलतो आणि चालक टाकीवर ढकलला जातो. या दोन गरजांचा मेळ घालण्याचा मार्ग एकच आहे : पेटी लहान घेणे. लहान पेटी सहप्रवाशाला जागा देऊनही आसापासून फार दूर जात नाही.

आधी आसन, मग पेटी

पेटी विकत घेण्यापूर्वी नेहमीच्या सहप्रवाशाला गाडीवर बसवून पाहावे. चालक आपल्या जागी, सहप्रवासी सैलपणे आपल्या जागी आणि त्याच्या पाठीमागे चार बोटांचे अंतर, अशी मोजणी केली असता पेटीसाठी खरोखर किती जागा उरते ते कळते. ग्रामीण भागात साडी नेसलेल्या स्त्रिया बहुधा एका बाजूस पाय सोडून बसतात. अशा वेळी पेटीचा कोपरा खांद्याला किंवा दंडाला लागतो. कडा गोलाकार असलेली पेटी त्यांना सोयीची पडते. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांची त्यांच्या पायांना अडचण होते, त्या दृष्टीने मागील पेटी उजवी ठरते.

काही पेट्यांना पाठ टेकण्यासाठी गादी लावलेली असते. वृद्धांना तिचा आधार वाटतो; परंतु ती आसनाची दोन-तीन बोटे जागा खाते, हे लक्षात घ्यावे. शिवाय पेटी हे धरण्याचे साधन नव्हे. तिचा खटका निसटला, तर तिच्यावर भिस्त ठेवणारी व्यक्ती तिच्यासकट खाली येईल.

कठडा आणि साडीगार्ड

सर्वांत गंभीर चूक पेटी बसविताना होते. आसनामागील पकडावयाचा कठडा काढून त्याच बोल्टांवर पेटीची पट्टी बसविणे कारागिराला सोपे जाते. पेटी दिसते, कठडा गेलेला दिसत नाही. मागील व्यक्तीला धरावयास काहीच उरत नाही, आणि खड्ड्यात गाडी उसळली की हे ध्यानात येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार, सहप्रवाशाची सोय असलेल्या मोटारसायकलीस कायमस्वरूपी हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे, कपडे अडकू न देणारे साधन असणे आवश्यक आहे. हे साधन म्हणजेच साडीगार्ड होय. पट्टी बसविताना यांपैकी काहीही काढावयाचे नाही, असे कारागिराला आधीच बजावावे. कठडा कायम ठेवून बसणारी, त्या विशिष्ट गाडीसाठी बनविलेली पट्टी मिळत असल्यास तीच घ्यावी. गाडीच्या सांगाड्यावर वेल्डिंग करून पट्टी जोडणे टाळावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार चालकाव्यतिरिक्त एकाच व्यक्तीला, तीही चालकामागे पक्क्या बसविलेल्या योग्य आसनावर, नेता येते. २०२० साली नियमांत झालेल्या दुरुस्तीने मोटारसायकलीवरील हलक्या पेटीसाठी लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर अशी कमाल मर्यादा घातली आहे. पेटी सहप्रवाशाच्या जागेवर बसविली असेल, तर केवळ चालकालाच प्रवासाची मुभा आहे. पेटीने मागील दिवा, वळणाचे दिवे किंवा क्रमांकपट्टी झाकली जाणार नाही, हेही पाहिले पाहिजे.

शिरस्त्राणाची जागा

पेटी किती लिटरची असावी, याचे उत्तर शिरस्त्राणावरून शोधावे. संपूर्ण चेहरा झाकणारे एक शिरस्त्राण साधारणतः ३० लिटरच्या पेटीत मावते. दोन मावण्यासाठी ४५ लिटरच्या आसपासची पेटी लागते. एवढी मोठी पेटी लहान गाडीस जड जाते. व्यवहार्य तोड अशी की एक शिरस्त्राण पेटीत आणि दुसरे गाडीच्या कुलपाच्या आकड्याला ठेवावे. गाडी चालू असताना दोन्ही शिरस्त्राणे डोक्यावरच असणार. त्या वेळी पेटी रेनकोट, डबा आणि कागदपत्रे यांना मोकळी राहते.

‘शिरस्त्राण कोठे ठेवू’ ही सबब सहप्रवाशाकडून वारंवार पुढे केली जाते. तिची किंमत मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती देशातील अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. अधिनियमाच्या कलम १२९ नुसार पगडीधारी शीख व्यक्तींचा अपवाद वगळता चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे सहप्रवाशालाही, शिरस्त्राण बंधनकारक आहे. पेटीमुळे दुसरे शिरस्त्राण घरी राहण्याचे कारण संपत असेल, तर तिचा तोच सर्वांत मोठा उपयोग मानला पाहिजे.

वापर आणि देखभाल

पेटी बसविल्यानंतर पुढील बाबींकडे लक्ष पुरवावे :

१. जड वस्तू पेटीच्या तळाशी व पुढच्या बाजूस, हलक्या वस्तू वर ठेवाव्यात. सामान आत घरंगळू देऊ नये. पेट्रोलची बाटली पेटीत कधीही नेऊ नये.

२. दोघे बसणार असतील तेव्हा मागील चाकातील हवेचा दाब पुस्तिकेत दोघांसाठी सांगितल्याइतका ठेवावा. मागील शॉक ॲब्सॉर्बरला ताण कमी-अधिक करण्याच्या खाचा असल्यास ताण वाढवावा.

३. मागचा भाग दबला की पुढील दिव्याचा झोत वर जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. झोताची उंची तपासून घ्यावी.

४. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात. बसवणीनंतर आठवड्याने आणि पुढे दरमहा ते आवळून घ्यावेत. पट्टीला तडा दिसताच पेटी उतरवावी.

५. झाकणाचे रबर झिजल्यास पावसाचे पाणी आत शिरते. शासकीय कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच पेटीत ठेवावीत.

६. प्रथम चालकाने बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत, मगच सहप्रवाशाने बसावे. पेटीमुळे पाय वरून टाकता येत नाही. घाई केल्यास गाडी कलंडते.

ज्या कार्यालयांतील व शाळांतील कर्मचारी स्वतःच्या दुचाकीने फिरतात, तेथे वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी सर्वांच्या गाड्यांचा कठडा, साडीगार्ड, पेटीचे बोल्ट आणि दुसरे शिरस्त्राण एवढे जरी एकमेकांनी पाहिले, तरी पुष्कळ साधेल. त्यास खर्च येत नाही आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. ग्रामपंचायतीच्या सभेतही हा विषय काढता येण्याजोगा आहे. पेटीत काय मावते हे दुकानदार सांगतो; मागे बसणाऱ्याच्या हाताला धरावयास काय उरते, हे मात्र गाडीच्या मालकानेच पाहावयाचे असते.